दिमडी, एक नग

रविवार, एकवीस डिसेंबर. रक्कम अडतीस हजार सहाशे चाळीस रुपये: पुणे ते बंगळुरू, जाऊन-येऊन, विमानाची चार तिकिटे. हजर: मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि आमच्या गावाहून, भऱ्याहून, सकाळच्या बसने आलेले माझे चुलते, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात. ठिकाण: भूगावच्या आमच्या फ्लॅटमधले जेवणाचे टेबल. टेबलावर वजनकाटा.

हे इतके नीट सांगता येते, कारण पाच दिवसांनी मला हेच सगळे एका सरकारी कचेरीत सांगावे लागले. तिथे सांगताना मात्र माझी जीभ अडखळत होती.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बावीस वर्षे झाली. वस्तू, नग, वजन, तारीख, सही, ही माझी रोजची भाषा. घरातून चार दिवस कुठे जायचे असले तरी मी सामानाची यादी करतो. दोन प्रती. एक खिशात, एक बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलेली. बायको हसते, पण मुलाचा स्वेटर हरवला तर यादी तीच मागते.

या खेपेच्या यादीत दोन वाद्ये होती. मुलाचे छोटे टाळ आणि मुलीची दिमडी. दिमडी म्हणजे वीतभर रुंदीचे लाकडी कडे, एका बाजूला कातडे चिकटवलेले, डाव्या हातात धरून उजव्या बोटांनी वाजवायचे. ती माझ्या वडिलांची. वडील, म्हणजे मुलांचे आबा, दिवसा दुसऱ्याच्या शेतावर जायचे आणि हंगाम सरला की गायन पार्टीबरोबर गावोगाव भीमगीतांच्या कार्यक्रमाला जायचे. शेवटची दोन वर्षे त्यांनी नातीला शिकवले. गेल्या वर्षी गेले. जाण्याआधी दिमडी तिच्या हातात दिली, माझ्या नाही. मला ताल कळत नाही हे त्यांना माहीत होते.

बंगळुरूला मेव्हण्याने फ्लॅट घेतला होता. पंचवीस तारखेला वंदना, जेवण आणि मग गाणी. त्याचा फोन आला होता, "दाजी, तुम्हाला नाही जमलं तरी चालेल. दिमडीवालीला पाठवा म्हणजे झालं."

मुलीची एकच अट होती. दिमडी मोठ्या बॅगेत घालायची नाही. ती बॅग विमानाच्या पोटात जाते, तिथे सामान फेकतात. हातातल्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून, स्वतःच्या पायाशी. मला ते पटले. हातातल्या सामानाला माणशी सात किलोची मर्यादा, आणि तिची पिशवी साडेतीन किलोच भरत होती.

"किती भरली?" नानांनी विचारले.

"तीनशे चाळीस ग्रॅम."

"आन् लिवलंस काय?"

"दिमडी, एक नग."

"नुसती दिमडी? आरं, घोरपडीची लिव्ह. तितं इमानतळावर हजार लोक. कुनी बकऱ्याची ठिवून ही घिऊन गेला तर कसा वळखनार तू? नटबोल्ट मोजनारा मानूस!"

"मी ओळखीन, नाना," मुलगी म्हणाली.

"तू वळखशील गं. तुझ्या बापाचं बोलतोय मी."

म्हणून मी लिहिले: दिमडी (घोरपडीची), १ नग, ३४० ग्रॅम. खाली तारीख, सही. दोन्ही प्रतींवर.

आमच्या घरात घोरपड हा प्राणी नव्हता, तो एक दर्जा होता. दार सागाचे असावे, लुगडे इरकली असावे, तशी दिमडी घोरपडीची असावी. लहानपणापासून मी हा शब्द अभिमानाने ऐकत आलो. पार्टीतले लोक पैज लावून सांगायचे, बकऱ्याची आणि घोरपडीची डोळे मिटून ओळखतो. त्या शब्दामागे चार पायांचे, शेपटीचे काही असेल असे माझ्या मनात एकदाही आले नाही. एक्कावन्न वर्षांत एकदाही नाही.

मंगळवारी पहाटे लोहगावला पोचलो. तपासणीच्या मशीनमध्ये मुलीची पिशवी गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर एक काळे वर्तुळ दिसत होते, त्याच्या आत काहीच नाही. गणवेशातल्या माणसाने पिशवी उघडायला लावली. आधी टाळ निघाले. ते वाजू नयेत म्हणून मध्ये रुमाल घातला होता. त्याने रुमाल काढून पाहिला, परत घातला. मग टॉवेल उलगडला.

"डफली है?"

"दिमडी," मुलगी म्हणाली.

"अच्छा? बजा के दिखाओ."

तिने वाजवली. चारच ठेके, पण रांगेतली माणसे वळून बघू लागली. तो हसला, एका बोटाने कातड्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "बढ़िया. बकरी का चमड़ा है ना?"

मुलीने मान हलवली. "नहीं अंकल, ये तो—"

आणि मी खिशात हात घातला. त्याला यादी दाखवायला. मला अभिमान वाटत होता.

तेवढ्यात मागचा ट्रे धडकला, मुलाच्या बाटलीचे झाकण उघडले आणि पट्ट्यावर पाणी सांडले. "चलिए, चलिए, आगे चलिए." पिशवी आमच्या हातात. मी मुलाला रागावलो. त्याने झाकण नीट लावले नव्हते म्हणून त्याला दोन तास खिडकीची जागा दिली नाही.

त्या सांडलेल्या पाण्याचा विचार मी नंतर फार केला.

पंचवीस तारखेला दुपारी वंदना झाली, जेवणे झाली, गाणी सुरू झाली. मेव्हण्याच्या ऑफिसातली आठ-दहा मंडळी, काही शेजारी. मुलीने चांगली वाजवली. आबा पहिला ठेका देण्याआधी कडे कानाशी नेऊन एकदा टिचकी मारायचे, तसे तीही करते. वरच्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ दाराशी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी आयुष्यभर कंजिरा वाजवला होता. कंजिरा म्हणजे तिकडची दिमडीच, फक्त कड्यात झांजेसारखी चकती बसवलेली. गाणी संपल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि मुलीने दिमडी दिली.

ते ती खिडकीजवळ घेऊन गेले. उजेडासमोर धरली. कातड्यातून उजेड आला आणि त्यात बारीक बारीक चौकटी दिसल्या, कौलांसारख्या, ओळीने. त्यांचे बोट त्या ओळींवरून गेले आणि थांबले. त्यांनी दिमडी दोन्ही हातांनी मुलीला परत दिली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला डोळ्यांनी बाल्कनीकडे बोलावले. सरकते दार त्यांनी मागून लावून घेतले.

"उडुंबु," ते म्हणाले. मला कळले नाही. त्यांनी कठड्यावर हाताचा पंजा टेकवला आणि सावकाश, बोटे पसरून, पुढे सरकवला. मनगट मागून शेपटीसारखे हलले. तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला ते जनावर दिसले.

"कानून में टाइगर जैसा है. सेम टु सेम. फ्लाइट में लाया?"

"हां."

"बच्ची के बैग में?"

"हां."

ते तुटक हिंदीत सांगू लागले. त्यांचा एक विद्यार्थी गुरूने दिलेला कंजिरा घेऊन विमानतळावर गेला होता. तिथेच थांबवला. अटक, मग जामिनासाठी धावाधाव. तिसरे वर्ष चालू आहे, अजून कोर्टात जातो. त्यांच्या स्वतःकडे दोन होते, ते त्यांनी जाऊन वनखात्यात जमा केले. "रखना भी गुनाह. ले जाना भी गुनाह. फेंकना भी," ते म्हणाले, आणि दार सरकवून निघून गेले.

आमचे परतीचे विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात चाळीसला होते.

स्वयंपाकघरात आम्ही तिघे उभे होतो, मी, बायको, मेव्हणा. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने आवाज न चढवता विचारले, "दोघांपैकी कोणाला धरतील?"

"पिशवी मुलीची आहे."

"ती अकरा वर्षांची आहे. तिला नाही धरणार. मला अटक झाली आणि अठ्ठेचाळीस तास आत राहिले, तर निलंबन. त्याला चौकशीही लागत नाही."

"माझंच नाव सांगू. हातातल्या पिशवीवर नाव कुठे असतं?"

"यादीवर आहे. तुमच्या अक्षरात. घोरपडीची, कंसात."

मेव्हण्याने हसवायचा प्रयत्न केला. "दाजी, घोरपड राहू द्या इथेच. महिन्याचं भाडं लावतो." त्याची बायको गॅसपाशी होती. वर्षाच्या बाळाला उचलून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटले. मेव्हण्याचे हसू गेले. मग तो विषय कोणी काढला नाही.

कुरियर केले तरी गुन्हा तोच. बसने नेली तरी तोच, फक्त बसला मशीन नसते. मी सगळे मोबाईलवर वाचले. शेवटी मी असे ठरवले: येताना निभावले, जाताना विचारले तर बकऱ्याची सांगायचे. बॅगेत चिकटवलेली प्रत मी नखाने खरवडून काढली आणि फाडली. खिशातली फाडायला घेतली, पण फाडवेना. बावीस वर्षांत सही केलेला कागद मी फाडलेला नाही. ती घडी करून पाकिटात ठेवली.

मग मुलीला समोर बसवले.

"कोणी विचारलं कातडं कशाचं, तर काय सांगायचं?"

"घोरपडीचं."

"बकऱ्याचं सांगायचं."

"पण नाना म्हणाले—"

"नाना इथे नाहीत. बकऱ्याचं. हिंदीत काय?"

"बकरी का."

"माझ्याकडे बघून नाही म्हणायचं. समोरच्याकडे बघून. परत."

"बकरी का."

"मी पण बकरी सांगू?" मुलाने विचारले. "माझे टाळ पण बकरीचे?"

कोणी हसले नाही. मुलीकडून मी सहा वेळा म्हणून घेतले. सहाव्या वेळी ती इतके सहज म्हणाली की मलाच बरे वाटेनासे झाले. त्या रात्री तिने दिमडी उशाशी घेतली नाही. टॉवेलात गुंडाळून दाराजवळ ठेवली, पाहुण्याच्या चपलांसारखी.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली. वरचे गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, पायात बूट. म्हणाले, "मेरे साथ चलो. ऑफिस में बात करेंगे. अपने से दिया तो अलग बात है. पकड़ा गया तो अलग."

मी बायकोकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरून तीही झोपली नव्हती हे दिसत होते. "जा," ती म्हणाली. "मी वर्गात चाळीस पोरांना काय सांगते, आणि कालपासून आपण घरात काय शिकवतोय? आणि हिलाही न्या. तिची आहे ती. तिच्या माघारी नको द्यायला."

आम्ही मोठ्यांनी असे ठरवले. कालचा धडा रद्द झाला हे मुलीला सांगायचे मात्र सगळेच विसरलो.

वनखात्याच्या कचेरीच्या आवारात जप्त केलेल्या दोन जीप उभ्या होत्या. टायर जमिनीला टेकले होते आणि एकीच्या खिडकीतून आत उगवलेले गवत बाहेर आले होते. मुलीने विचारले, "यांचे मालक कुठे आहेत?" मी तिचा हात घट्ट धरला.

अधिकारी माझ्याच वयाचे होते. गृहस्थ त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत होते. मला 'पुणे' एवढा एकच शब्द कळला. अधिकाऱ्यांनी टॉवेल उलगडला, दिमडी पाहिली, आणि मुलीकडे बघून चांगल्या आवाजात विचारले, "ये तुम्हारा है?"

"हां."

"चमड़ा किसका है, मालूम है?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, म्हणजे सांग. तिने नजर वळवली, त्यांच्याकडे सरळ बघितले, आणि म्हणाली, "बकरी का."

गृहस्थांनी डोळे मिटले. अधिकाऱ्यांनी पेन टेबलावर ठेवले.

"बच्ची को सिखा के लाए हो?"

मी पाकीट काढले. घडी उलगडली आणि कागद टेबलावर ठेवला.

"ये क्या है?"

"सामान की लिस्ट. मैंने लिखी है. इक्कीस तारीख, घर में."

"पढ़ो."

मी वाचू लागलो. स्वेटर, चार नग. टॉवेल, तीन नग. टाळ, एक जोड, चारशे वीस ग्रॅम. दिमडी, घोरपडीची, एक नग, तीनशे चाळीस ग्रॅम. मग हिंदीत अर्थ सांगितला. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"मतलब पहले से पता था."

"घोरपडीची आहे हे माहीत होतं. गुन्हा आहे हे नव्हतं," मी मराठीतच म्हणालो, आणि मग जमेल तसे हिंदीत.

"गुनाह है पता होता, तो लिखते?"

मी विचार केला. "लिखता. लेकिन लाता नहीं."

"तो बच्ची को झूठ क्यों सिखाया?"

याचे उत्तर यादीत नव्हते. मी म्हणालो, "डर गया." त्यांनी तेवढे लिहून घेतले की नाही, मला दिसले नाही.

मग एकामागून एक प्रश्न. वडिलांचे नाव, गाव, कुठून घेतली, किती साली. साल मला सांगता येईना. मी, ज्याला भिंतीतल्या खिळ्याचीही तारीख आठवते. शेवटी त्यांनी विचारले, "और है? किसी और के पास?"

"मेरे घर में नहीं."

त्यांनी ते माझ्या शब्दांत लिहिले आणि सही घेतली.

कडे परत द्यावे, ते नुसते लाकूड आहे, असे गृहस्थांनी सांगितले. बराच वेळ फोन झाले. मग परवानगी मिळाली. आवारातल्या नळाखाली गृहस्थांनी ओले फडके कड्यावर ठेवले, वीस मिनिटे थांबले आणि कडेने नख घालून कातडे सोडवले. ते सुटताना आवाज झाला नाही. मुलगी बघत होती. हातात कातडे एवढेसे, पातळ, हलके. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गेले, पिशवीवर क्रमांक आला. माझी यादी त्यांनी पिशवीला स्टेपल केली. "ये भी रहेगा."

सुटलो तेव्हा दुपारचे दोन पन्नास झाले होते. "नोटीस आ सकती है," अधिकारी म्हणाले. "आई तो आना पड़ेगा." भूगावचा पत्ता आणि माझा नंबर त्यांच्याकडे राहिला. कधी येईल, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.

रिक्षात मी मुलीला म्हणालो, "तुझी चूक नाही. मी सांगायचं विसरलो."

"काय सांगायचं?"

"की आता खरं बोलायचं आहे."

मग कड्यातून हात घालून तिने ते मनगटात बांगडीसारखे घातले आणि विमानात बसेपर्यंत काढले नाही. फक्त तपासणीला काढावे लागले. पडद्यावर परत तेच काळे वर्तुळ.

"ये क्या है?"

"आबा का है," ती म्हणाली. आतून आरपार दिसत होते. त्यांनी जाऊ दिले.

रविवारी भऱ्याला गेलो. नानांनी कडे हातात घेतले, फिरवले, त्यातून माझ्याकडे बघितले.

"बापाचं कातडं सोलून दिऊन आलास."

"नाना, कायदा—"

"कायदा नगं सांगू मला. तितं इचारलं का, अजून कुनाकडं हाय म्हून?"

"विचारलं."

"मग?"

"माझ्या घरात नाही म्हणालो."

नानांनी भिंतीकडे पाहिले, आणि मीही पाहिले. फोटोच्या शेजारी खिळ्याला कापडी खोळ टांगलेली, आत काहीतरी गोल. वडील आणि नाना एकाच पार्टीत होते. ती खोळ मी लहानपणापासून बघत आलो. कधी मोजली नाही.

"झालं तर मग," नाना म्हणाले. "मोज आता."

मी चहा न घेता उठलो.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नाना न कळवता भूगावला आले. पंच्यात गुंडाळलेले एक कडे टेबलावर ठेवले. मोकळे. "पोरीच्याला बकऱ्याचं चढीवनार हायेस नव्हं? ह्याला बी चढीव."

"नाना, कातडं कुठंय?"

"इचारू नगंस. आन् लिवू बी नगंस."

मी विचारले नाही. लिहिलेही नव्हते, आजपर्यंत.

नोटीस अजून आलेली नाही. बंगळुरूकडचा अनोळखी नंबर दोनदा येऊन गेला. एकदा कर्जवाले होते. एकदा मी उचलेपर्यंत बंद झाला. दाराची बेल दुपारी वाजली की बायको आधी माझ्याकडे बघते, मग उघडते.

मुलगी परत वाजवू लागली आहे. कशाची, असे कोणी विचारले तर समोर सरळ बघून सांगते, बकऱ्याची. ते आता खरे आहे. तरी ती तसे म्हणाली की मी दुसरीकडे बघतो.

शेवटी दिले ते असे: पुण्यातल्या एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याला, दोन कड्यांवर बकऱ्याचे कातडे चढवल्याबद्दल, प्रत्येकी साडेसहाशे, एकूण तेराशे रुपये, रोख. पावतीवर त्याने 'दिमडी, दोन नग' लिहिले. कातडे कशाचे, हे लिहायला मी त्याला सांगितले नाही.